पी०००ए: सोलेनॉइड बदलूनही कॅम उशिराच का फिरतो?

प्रश्न थोडक्यात असा: कणकवलीतली २०१७ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ९२,००० किमी झालेली. वापर बहुतेक घर, बाजारपेठ, स्टेशन एवढाच. फोंडा घाट चढताना पिकअप पडतो, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०००ए हा दोषाचा कोड येतो. गॅरेजमध्ये व्हीव्हीटी सोलेनॉइड (कॅम पुढे-मागे करणारं ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बदलला. पंधरा दिवस गाडी ठीक चालली, मग तोच कोड परत आला. मागच्या सर्व्हिसला ‘गाडी ऑइल खाते’ म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरलंय. आता कॅम गिअर आणि चेन सेट टाकायला सांगतायत. टाकायचा का?

लगेच टाकू नका. त्या खर्चाची वेळ येऊही शकते, पण अजून तसं म्हणण्याजोगं काही तपासलेलंच नाही.

पी०००ए म्हणजे ‘ए’ कॅम, म्हणजे इनटेक कॅम (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), सांगितलेल्या जागी पोहोचायला वेळ लावतोय. पोहोचत नाही असं नव्हे, उशिरा पोहोचतोय. वायरिंग तुटलं असतं किंवा कॉइल गेली असती तर पी००१० आला असता. कॅम पुढेच अडकून राहिला असता तर पी००११, मागे अडकला असता तर पी००१२. चेन ताणून कॅम आणि क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) मेळ मर्यादेबाहेर गेला असता तर पी००१६. हे शेजारचे कोड नाहीत आणि एकटा पी०००ए आहे, यातून बरंच कळतं: सर्किट जिवंत आहे, मेळ मर्यादेत आहे, कॅम हलतोय. म्हणजे पहिला संशय ऑइलवर. किती येतंय, कसं येतंय आणि वाटेत कुठे अडतंय, हे बघायचं. चेन सेट या यादीत बराच खाली येतो.

यंत्रणा अशी चालते. कॅमच्या टोकाला जो गिअर असतो (त्याला फेझर म्हणतात) त्याच्या आत पाती असलेला रोटर असतो. पात्यांच्या एका बाजूला ऑइल भरलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरलं की मागे. कोणत्या बाजूला किती ऑइल सोडायचं हे सोलेनॉइडमधला स्पूल (आत सरकणारी दांडी) ठरवतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्या सोलेनॉइडला टक्केवारीत करंट देतो (यालाच ड्यूटी म्हणतात), ५० टक्क्यांच्या आसपास कॅम आहे तिथे धरून ठेवला जातो. इंजिन बंद असताना बहुतेक इनटेक फेझर पूर्ण मागे एका पिनवर लॉक असतात आणि ऑइलचा दाब आला की ती पिन सुटते. (काही नव्या गाड्यांत इनटेक कॅम विजेच्या मोटरनं फिरतो. तिथे पुढचं बरंचसं लागू नाही, पण तुमची गाडी त्यातली नाही.)

मग नवा सोलेनॉइड पंधरा दिवस कसा चालला? दोन कारणं, आणि बहुधा दोन्ही खरी. एक, गॅरेजमध्ये कोड पुसला गेला. हा कोड बऱ्याच गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतो, आणि तीही तपासणी ठरावीक तापमान, आरपीएम आणि लोड जुळल्यावर होते. बाजारपेठेतल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती परिस्थिती जुळतच नाही, घाट चढलात की जुळते. दुसरं, नव्या सोलेनॉइडचा स्पूल स्वच्छ होता. ज्या ऑइलनं जुना अडवला त्याच ऑइलनं नवाही अडवायला घेतला.

आता तपासणी. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाचे आकडे) लिहून घ्या: कूलंटचं तापमान, आरपीएम, लोड, गाडीचा वेग. मागच्या वेळी हे कुणी टिपून ठेवलं असतं तर सोलेनॉइडचे पैसे कदाचित वाचले असते. कूलंट ४०-५० अंशांवर असताना कोड पडला असेल तर जाड ऑइलकडे बोट जातं. ९० च्या वर, घाटात दुसऱ्या गिअरला पडला असेल तर दाब कमी, सोलेनॉइडच्या वाटेतली जाळी चोंदलेली किंवा फेझर आतून गळका, या बाजूला जावं लागतं. गरम-थंड दोन्हीत येत असेल तर स्पूल किंवा जाळी.

त्यानंतर ऑइल, आणि तुमच्या बाबतीत इथेच सर्वांत मोठी गडबड दिसते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असेल. ४० अंश सेल्सिअसला ५डब्ल्यू-३० ची जाडी साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक असते, २०डब्ल्यू-५० ची दीडशेच्या वर. म्हणजे सकाळी गाडी काढल्यावर पहिली दहा मिनिटं दुप्पट-अडीचपट जाड ऑइल त्या बारीक वाटांतून ढकललं जातंय. ‘जाड ऑइलनं दाब वाढतो’ हे गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतं. गेजवर तो वाढलेला दिसतोही, पण तो पंपाजवळचा दाब. फेझरला भराभर भरायला प्रवाह लागतो, आणि जाड ऑइलचा प्रवाह बारीक भोकातून कमीच होतो. ईसीयूचा सगळा हिशेब पुस्तिकेतल्या ग्रेडवर बेतलेला असतो.

ऑइल खाण्याचा प्रश्न जाड ऑइल भरून सुटत नाही, झाकला जातो. आधी किती खाते ते मोजा: सपाट जागेवर, गाडी बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिकची खूण टिपा, १,००० किमीनंतर त्याच जागी पुन्हा बघा, वर खुणेपर्यंत भरायला किती लागलं ते मापानं मोजा. आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघा. खुळखुळला पाहिजे. आयडलला त्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला तर ओढ जाणवली पाहिजे. पीसीव्ही अडकला की क्रँककेसमधली वाफ बाहेर पडत नाही, ऑइलची गाळ-चिखल अशी अवस्था होते, गाडी ऑइलही खाते आणि तोच गाळ सोलेनॉइडच्या जाळीत जाऊन बसतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता चांगली आहे.

कोकणात हे जास्त होतं. दमट हवा आणि छोट्या फेऱ्या, या दोन्हींमुळे क्रँककेसमध्ये पाणी धरतं आणि ऑइल पुरेसं तापत नाही म्हणून ते उडून जात नाही. पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडलंत तर आतल्या बाजूला ताकाच्या लोण्यासारखा पांढुरका थर दिसेल. फक्त झाकणाला असेल तर ती वाफ, घाबरू नका. डिपस्टिकवरही तसंच दिसलं आणि कूलंट कमी होत असेल तर गोष्ट वेगळी, आधी हेड गॅसकेट तपासा. झाकणातून टॉर्च मारून कॅमवर बघा. मधासारखा रंग चालतो. काळा, बोटाला जाडसर लागणारा थर असेल तर पुढची कामं साफसफाईनंच सुरू करायची. सेकंडहँड गाडी चिपळूण-महाड भागातून घेतलेली असेल तर जुलै २०२१ च्या पुरात ती उभी होती का, हेही विचारून घ्या. पुराचा बारीक गाळ एकदा ऑइलच्या वाटांत गेला की वर्षानुवर्षं त्रास देतो.

फिल्टर कोणता आहे तेही बघा. स्वस्त फिल्टरचा ऑइल मागे न जाऊ देणारा रबरी पडदा लवकर कडक होतो. रात्रभरात वरच्या वाटा रिकाम्या होतात आणि सकाळी स्टार्टला एक-दोन सेकंद खडखड येते. लॉक पिन झिजल्यावरही तशीच खडखड येते. म्हणून खडखडीवरून फेझर बाद ठरवण्याआधी चांगला फिल्टर लावून दोन-चार सकाळी ऐका.

ऑइल योग्य ग्रेडचं झालं की दाब मोजा, तोही मेकॅनिकल गेज लावून. लाल दिवा लागत नाही म्हणून दाब ठीक, असं समजू नका. तो स्विच बहुतेक गाड्यांत अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावरच दिवा लावतो. स्विच काढून तिथे गेज लावायचा. जपानी-कोरियन इंजिनांत बरेचदा १/८ बीएसपीटी आटे असतात, अडॅप्टर बरोबर घ्या. नळी एक्झॉस्टपासून लांब बांधा. इंजिन पूर्ण तापल्यावर, फॅन दोनदा चालून गेल्यावर वाचन घ्या. आयडलला १ बारच्या आसपास आणि ३,००० आरपीएमला ३ ते ४ बार, हा ढोबळ अंदाज. तुमच्या इंजिनचा खरा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, कारण काही पंप स्वतःच दाब कमी-जास्त करतात. गरम आयडलला अर्धा बार दिसला तर सोलेनॉइड, फेझर सगळं बाजूला ठेवा. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाची जाळी) बघा, मग पंप आणि बेअरिंग.

दाब ठीक निघाला की खरी मजा लाइव्ह डेटात आहे. आलेख न बघता सोलेनॉइड बदलणं हा निव्वळ जुगार. तीन आकडे लागतात: कॅमची मागणी, कॅमची प्रत्यक्ष जागा आणि सोलेनॉइडची ड्यूटी. स्वस्तात मिळणाऱ्या ब्लूटूथ डोंगलवर हे सहसा दिसत नाहीत, ते कंपनीनुसार वेगळे असतात. चांगला स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा. स्क्रीनवर हे तीन आणि आरपीएम एवढंच ठेवा. पंधरा गोष्टी एकदम निवडल्या तर प्रत्येकीचं वाचन सेकंदाला एकदाच येतं आणि जी दिरंगाई शोधायची तीच दिसेनाशी होते. मुख्य म्हणजे आधी कोड पुसा. कोड बसलेला असताना बऱ्याच गाड्यांत ईसीयू कॅमला मागेच ठेवतो, मागणी शून्य दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो ‘मागणी-प्रत्यक्ष जुळतंय, सगळं ठीक आहे’.

गाडी तापवा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला १,५०० ते ३,००० आरपीएममध्ये चालवा, ॲक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत पटकन दाबा, सोडा, परत दाबा. दुसऱ्या कुणीतरी स्कॅनर धरावा. निरोगी गरम इंजिनात वीस अंशांची मागणी अर्ध्या सेकंदाच्या आत पुरी व्हायला हवी. (स्कॅनर अंश क्रँकचे दाखवतोय की कॅमचे ते बघा, क्रँकचे आकडे दुप्पट असतात.) शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचा आलेख काढून शेजारी ठेवा. यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आता रेषेचा आकार वाचा. मागणी चढली, ड्यूटी चढली, पण प्रत्यक्ष रेषा काही वेळ सपाटच राहून मग एकदम उडाली, तर स्पूल अडकून सुटतोय किंवा लॉक पिन उशिरा सुटतेय. रेषा लगेच निघाली पण तिरकी, सावकाश चढली, तर प्रवाह कमी: जाळी, दाब किंवा ऑइलची जाडी. पायऱ्या-पायऱ्यांनी चढली तर स्पूलवर चिकट थर. पोहोचली, पण तिथे टिकत नाही, मागे घसरते, पुन्हा सावरते आणि ड्यूटी सारखी वर-खाली होते, तर फेझर आतून किंवा कॅमच्या पुढच्या जर्नलपाशी (कॅम टेकून फिरतो त्या जागी) ऑइल गळतंय. आणि मागणी व प्रत्यक्ष यांत सगळीकडे सारखंच अंतर असेल, वेग मात्र चांगला असेल, तर तो ‘स्लो रिस्पॉन्स’ नव्हेच. तिथे चेन आणि टायमिंगच्या खुणा तपासा.

आणखी एक गोष्ट बघाच: कॅम पुढे जाताना मंद आहे की मागे येताना? कॅम फिरताना व्हॉल्व्ह स्प्रिंगांचा आणि घर्षणाचा सरासरी ओढा त्याला मागेच खेचत असतो. म्हणून इनटेक कॅमला पुढे जायला ऑइलचा जोर लागतो, मागे यायला हा ओढाच मदत करतो. दाब कमी असला की पुढे जाणं आधी मंदावतं. पुढे झपकन जातो पण मागे रेंगाळत येतो, असं दिसलं तर दाबाला दोष देऊ नका. स्पूल परत येत नाही किंवा निचऱ्याची वाट चोंदलीय.

स्कॅनरवर ॲक्टिव्ह टेस्ट (स्कॅनरवरून भाग चालवून बघायची सोय) असेल तर गरम आयडलला सोलेनॉइड पूर्ण चालू करा. इंजिन लगेच अडखळलं पाहिजे, बंद पडलं तरी चालेल. बंद करताच आयडल लगेच सावरलं पाहिजे. अडखळायला दोन-तीन सेकंद लागले किंवा सावरायला वेळ घेतला, तर दोष उभ्या गाडीतच पकडलात. स्कॅनर नसेल तर कप्लर काढून, फ्यूज लावलेल्या वायरीनं सोलेनॉइडला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट द्या. फक्त दोन-तीन सेकंद, नाहीतर कॉइल तापते.

सोलेनॉइड बाहेर काढायला सहसा १० चा एकच बोल्ट. बऱ्याच गाड्यांत कॉइलचा रेझिस्टन्स २० अंशांना ६.९ ते ७.९ ओहम असतो. आपल्याकडे सावलीत ३० अंश असतात, तांब्याचा रेझिस्टन्स दर १० अंशांना सुमारे ४ टक्के वाढतो, त्यामुळे ८.१ दिसलं म्हणून फेकू नका. गरम इंजिनावर ९ च्या पुढेही जातो. पण मंद प्रतिसादात ओहम जवळजवळ नेहमी ठीकच येतात, तेव्हा मोजून समाधान मानू नका. १२ व्होल्ट देऊन स्पूल डोळ्यांनी बघा: टक्कन पूर्ण सरकतो का, सोडल्यावर न रेंगाळता परत येतो का. स्प्रे क्लीनर मारत वीसेक वेळा चालू-बंद करा, बाहेर येणारा काळा रंग थांबेपर्यंत. स्क्रू ड्रायव्हरनं ढकलू नका, स्पूलच्या कडेला ओरखडा गेला तर तो भाग गेलाच. बसवताना नवी ओ-रिंग, तिला ऑइलचं बोट, आणि बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियमच्या आट्यात त्याहून जास्त जोर नको.

आणि जाळी! बऱ्याच इंजिनांत सोलेनॉइडला जाणाऱ्या वाटेत एक बारीक जाळी असते, कधी सोलेनॉइडवरच, कधी हेडमधल्या किंवा ब्लॉकमधल्या एका वेगळ्या बोल्टच्या मागे. नवा सोलेनॉइड टाकताना ती वेगळी जाळी कुणी उघडतच नाही. तुमच्या इंजिनात ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये शोधा आणि काढून उजेडात धरा. काळा गाळ निघाला तर कारण सापडलं. सिलिकॉनचे करडे-काळे तुकडे निघाले तर कुणीतरी टॅपेट कव्हरला किंवा चेंबरला गॅसकेट पेस्ट थापलीय आणि जास्तीची आत गळलीय. मग ती कव्हरं पुन्हा उघडून, साफ करून लावावी लागतील. चमकणारे धातूचे कण निघाले तर सोलेनॉइडचा विषय संपला, बेअरिंग आणि चेनकडे बघा.

वायरिंग पी०००ए ला क्वचित कारण ठरतं, पण मालवण-देवगडसारख्या समुद्राकाठच्या गाड्यांत ठरतं. कप्लरच्या पिनांवर हिरवा गंज चढला की मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण कॉइलला लागणारा दीड-पावणेदोन अँपिअर करंट पोहोचत नाही. म्हणून लोड लावून मोजा. इंडिकेटरचा २१ वॉटचा फिलामेंट बल्ब जवळपास तेवढाच करंट ओढतो. कप्लरच्या सप्लाय पिनेपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत तो लावा, पेटलेला असताना बॅटरी पॉझिटिव्ह आणि सप्लाय पिन यांच्यात व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर वाटेत गंज किंवा ढिला रिले आहे. ईसीयूकडे जाणारी दुसरी वायर तपासताना ईसीयूचा कप्लर आधी काढा, बल्बचा करंट त्याच्यातून जाऊ देऊ नका. पडवीत किंवा मांगरात गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा, पावसात ते इंजिनाच्या उबेला येतातच.

हे सगळं ठीक निघालं आणि आलेखात रेषा पोहोचून घसरतेय, तरच फेझर उतरवा. लॉक असताना तो हातानं हलता कामा नये. पुढे नेणाऱ्या भोकातून दीड-दोन बार हवा दिल्यावर (बाकीची भोकं मॅन्युअलप्रमाणे टेपनं बंद करून, वर फडकं धरून, कारण ऑइल उडतं) पिन सुटून तो पूर्ण अंतरात हलका, न अडकता फिरला पाहिजे. अडकतोय किंवा लॉक असूनही डुलतोय, तर बदला. फेझर उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही. तो बदलताना चेन, टेन्शनर आणि गाइड बरोबरच टाका, कारण मजुरी तीच आहे.

गाळ निघालेल्या इंजिनात फ्लशची बाटली ओतायला माझा विरोध आहे. चिकटून बसलेला गाळ एकदम सुटतो आणि स्ट्रेनरवर जाऊन बसतो. मग कॅम राहिला बाजूला, बेअरिंग जातं. थर हलका असेल तर पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर, १,००० किमीला पुन्हा दोन्ही, मग आणखी २,००० ला. थर जाड असेल तर पहिल्याच वेळी चेंबर उतरवून स्ट्रेनर हातानं धुवा.

तुमच्यासाठी क्रम म्हणाल तर: फ्रीझ फ्रेम, पीसीव्ही, २०डब्ल्यू-५० काढून योग्य ऑइल व फिल्टर, जाळी, नव्या सोलेनॉइडचा स्पूल, आणि लगेच कोड पुसून स्कॅनरवर ‘व्हीव्हीटी लर्निंग रीसेट’ असेल तर तोही. नंतर बाजारपेठेतच फिरून ‘दिवा नाही आला’ म्हणू नका. गाडी पूर्ण तापवून फोंडा घाट दोन वेगवेगळ्या दिवशी चढा. मग स्कॅनरवर पेंडिंग कोड बघा. दिवा लागण्याआधी तो तिथे दिसतो. तोही रिकामा असेल तर चेन सेटला हात लावायचं कारण नाही. पेंडिंगमध्ये पी०००ए पुन्हा आला, तर ऑइलचा दाब आणि आलेखाचा फोटो घेऊन पुढचं ठरवा. यापुढे ऑइल बदलताना किलोमीटर पुरे व्हायची वाट बघू नका. एवढ्या छोट्या फेऱ्यांना सहा महिने ही मर्यादा धरा, त्यातला एक बदल पावसाळा संपल्यावर लगेच.